मराठीतली चूक लपवू नका, डॉक्टरला ऐकवा

(उंटरश्लाइसहाइममध्ये एका रविवारी दुपारी आपल्या मंडळींसमोर केलेलं हे बोलणं. पाळीमुळे ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी लिहून काढलं आहे. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



आठवड्यातली एक सुट्टी, ती मोडून तुम्ही आलात. काही जण तर रात्रपाळी करून, डोळे चोळत आलेत. आभार मानतो आणि मुद्द्यावर येतो.

आधी एक सांगतो, मी डॉक्टर नाही की वाचा-उपचार करणारा नाही. विमानतळाकडच्या एका गोदामात माल लावतो. आज इथं उभा आहे तो बाप म्हणून. आपण एरवी जमतो ते पगार, जादा पाळी, घरभाडं, व्हिसा याबद्दल बोलायला. आज पोरांच्या बोबड्या बोलण्याबद्दल बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, हा काय हक्काचा विषय झाला? ऐका, मग ठरवा.

माझा धाकटा चार वर्षांचा झाला तरी 'काका'ला 'ताता' म्हणायचा. 'गाडी'ला 'दादी'. 'खिडकी'ला 'थिडती'. घरात आम्ही हसायचो. आम्हाला सगळं कळायचं, म्हणून काळजी वाटली नाही. किटात मात्र त्याचं कुणाला काही कळेना. जर्मनमध्ये मांजराला 'कात्से' म्हणतात, हा म्हणायचा 'तात्से'. पोरं हसायची, मग हा ढकलाढकली करायचा. तक्रार आली. किटातल्या एका बाईंनी चांगल्या मनानंच सल्ला दिला, की घरात मराठी बंद करा, दोन भाषांमुळं मूल गोंधळतंय.

आम्ही ऐकलं. माझं जर्मन गोदामापुरतं, बायकोचं त्याहून कमी. आठ महिने आम्ही पोराशी असल्या मोडक्या जर्मनमध्ये बोलत होतो. 'ये', 'बस', 'खा', 'नको'. गोष्ट सांगणं बंद झालं. गावाकडून आजीचा फोन आला की पोरगं दुसऱ्या खोलीत पळायचं. 'ताता' मात्र 'ताता'च राहिलं. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, दोन भाषा आहेत, थांबा, होईल. त्यातही वेळ गेला.

तो वेळ तुमचा जाऊ नये, एवढ्यासाठी हे बोलणं.

शिकणं वेगळं, अडचण वेगळी

इथं आपल्या पोरांच्या बाबतीत दोन उलट्या चुका होतात. पहिली चूक, ज्याला फक्त जर्मन येत नाही त्याला आजारी ठरवणं. दुसरी चूक, ज्याला खरोखर अडचण आहे त्याला 'दोन भाषा आहेत, येईल' म्हणून सोडून देणं. दोन्हीत नुकसान पोराचंच.

फरक कसा ओळखायचा? सोपी खूण आहे. जे मूल घरात मराठी स्वच्छ, लांब वाक्यांत बोलतं आणि फक्त जर्मनमध्ये अडखळतं, ते शिकतंय. त्याला जर्मन ऐकायला आणि बोलायला मिळू द्या. पण जे मूल मराठीतही अडतं, त्याची अडचण भाषेत किंवा ध्वनीत आहे, आणि ती दोन्ही भाषांत दिसते. दोन भाषांमुळं अशी अडचण तयार होत नाही. एकच भाषा बोलणाऱ्या जर्मन पोरांतही ती असते. भाषाविकासाची अडचण साधारण चौदा मुलांमागं एकाला असते, म्हणजे प्रत्येक वर्गात एखादं मूल निघतंच.

काही मुलांची अडचण फक्त ध्वनींची असते. शब्द भरपूर, वाक्यं नीट, पण क-ग-श-र जागेवर येत नाहीत. काहींची भाषेचीच असते. शब्द कमी, वाक्यं तुटकी, सांगितलेलं पूर्ण कळत नाही. बऱ्याच जणांत दोन्ही एकत्र असतात. आणि तोतरेपणा, म्हणजे शब्द अडकणं, ही तिसरीच गोष्ट. बोबडं आणि तोतरं यात गल्लत करू नका, उपचार वेगळे आहेत.

ढोबळ मापं लक्षात ठेवा. दोन वर्षांच्या मुलाचे पन्नासेक शब्द हवेत आणि 'बाबा ये', 'दूध दे' अशी दोन शब्दांची जोडी हवी. शब्द मोजताना मराठी आणि जर्मन मिळून मोजा. चार वर्षांच्या मुलाचं बोलणं परक्या माणसालाही जवळजवळ सगळं कळायला हवं. आपल्याला कळतं हे माप नाही, आपल्याला सवय झालेली असते. 'श' आणि 'र' उशिरा येतात, त्याची घाई नको. जर्मन पोरंही साडेचार-पाचपर्यंत 'श'ला 'स' म्हणतात. पण 'क'चा 'त' चौथ्या वर्षानंतरही होत असेल तर दाखवा.

आणखी एक. बोली म्हणजे चूक नाही. खानदेशात, वऱ्हाडात 'काळा'ला 'काया' म्हणतात. कितीतरी घरांत 'पाणी'चं 'पानी' होतं. तुमच्या घरात जसं बोलतात तसंच पोरगं बोलत असेल, तर ते बरोबरच आहे. इथं वाढलेलं पोर 'र' घशातून काढत असेल, तर तो जर्मन वळणाचा 'र' आहे. हे इथल्या थेरपिस्टला माहीत नसणार. ते तुम्हीच सांगायचं.

मराठीतली चूक एवढी महत्त्वाची का?

आता हक्काचा मुद्दा. वाचा-उपचाराला इथं लोगोपेडी म्हणतात. सरकारी नियमातल्या विम्यात, म्हणजे गेझेट्सलिशे क्रांकेनकासेत, डॉक्टरनं चिठ्ठी दिली की खर्च विमा करतो. अठरा वर्षांखालच्या मुलाला वरचे पैसेही भरावे लागत नाहीत. तुमची नोकरी अशा विम्याची असेल तर पोरं कौटुंबिक विम्यात वेगळा हप्ता न भरता येतात. पण विमा उपचाराचे पैसे देतो, जर्मन शिकवण्याचे देत नाही. डॉक्टरला वाटलं की पोराला फक्त जर्मन कमी येतंय, तर तो चिठ्ठी देणार नाही, आणि नियमानं त्याचं बरोबरच आहे.

म्हणजे बघा. मराठीतली चूक हाच तुमच्या पोराचा पुरावा आहे. आम्ही मराठी बंद केली तेव्हा तो पुरावाच बंद केला. डॉक्टरसमोर पोरगं फक्त मोडकं जर्मन बोलायचं, मग डॉक्टरला 'भाषा शिकतोय' असंच वाटणार.

नर्सिंगमध्ये काम करणाऱ्या आपल्या एका ताईंनी मला सुचवलं, की पोराचं मराठी रेकॉर्ड करा. मी एका कागदावर वीस चित्रं चिकटवली. प्रत्येक चित्राखाली रोमन अक्षरांत मराठी शब्द लिहिला, आपण तो कसा म्हणतो ते लिहिलं, आणि पोरगं कसं म्हणतं ते लिहिलं. काका–ताता. गाडी–दादी. खिडकी–थिडती. फोनवर पाच मिनिटं आवाज भरला. पुढच्या भेटीला कागद टेबलावर ठेवला. डॉक्टर दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, अच्छा, हे तर दोन्हीकडं आहे. चिठ्ठी मिळाली.

डॉक्टरकडं जाताना ही वाक्यं फोनमध्ये लिहून न्या. 'आउख आउफ मराठी श्प्रिश्त एअर दी लाउटे फाल्श', म्हणजे मराठीतही तो आवाज चुकीचे काढतो. 'बिटे प्र्यूफेन झी दास गेह्योअर', म्हणजे कान तपासा. मुलगी असेल तर 'एअर'च्या जागी 'झी' म्हणा.

पायऱ्या

पहिली पायरी कान. कानाच्या पडद्यामागं पाणी साठलं असेल, वारंवार सर्दी होत असेल, तर मुलाला आवाज पुसट ऐकू येतो. पुसट ऐकलेलं पुसटच बोललं जातं. जर्मनीत २००९ पासून प्रत्येक नवजात बाळाची कानतपासणी विम्यातून होते. भारतात जन्मलेल्या आपल्या पोरांची ती झाली असेलच असं नाही. कान तपासल्याशिवाय पुढं जाऊ नका.

दुसरी पायरी नेमाच्या तपासण्या. पिवळं पुस्तक, गेल्बेस हेफ्ट, जपून ठेवा. ऊ-७ दोन वर्षांच्या आसपास, ऊ-७ए तिसऱ्या वर्षाच्या आसपास, ऊ-८ चौथ्या वर्षाच्या आणि ऊ-९ पाच वर्षं झाल्यावर. बायर्नमध्ये या करून घेणं पालकांना कायद्यानं बंधनकारक आहे. वजन-उंची झाली की उठू नका. बोलण्याचं विचारा, कागद दाखवा.

तिसरी पायरी चिठ्ठी आणि जागा. लोगोपेडीच्या प्रॅक्सिसमध्ये थांबावं लागतं. चिठ्ठी मिळाल्यापासून साधारणपणे २८ दिवसांत उपचार सुरू व्हावा लागतो, नाहीतर ती बाद होते. म्हणून आधी चार-पाच ठिकाणी नाव यादीत घाला. लोहोफ, गार्शिंग, फ्रायझिंग, जिथं गाडी जाते तिथं फोन करा. जागा जवळ आली की चिठ्ठी घ्या. चिठ्ठी बाद झाली तर लाजू नका, नवीन मागता येते.

चौथी पायरी, अडचण मोठी असेल तर. शाळेआधीच्या मुलांसाठी फ्र्यूफ्योर्डरश्टेले नावाची केंद्रं असतात. तिथं आईबापांना थेट फोन करता येतो, पालकांना पैसे पडत नाहीत. त्याहून खोल तपासणीसाठी म्युनिकच्या ग्रोसहाडर्न भागात किंडरत्सेंट्रुम आहे. १९६८ साली थिओडोर हेलब्र्युगे या बालरोगतज्ज्ञांनी ते सुरू केलं, जर्मनीतलं या प्रकारचं ते पहिलं केंद्र. इथून एस-१ नं मारियनप्लाट्झ, तिथून यू-६. तिथं जायला मुलांच्या डॉक्टरची चिठ्ठी लागते.

आणि 'फोअरकुर्स डॉइच २४०' म्हणजे लोगोपेडी नव्हे. तो शाळेआधीचा २४० तासांचा जर्मन वर्ग आहे, निम्मा किटा घेतं, निम्मा प्राथमिक शाळा. आपल्या पोरांना तो मिळतो, जरूर घ्या. पण ध्वनीची अडचण असलेल्या पोराला दोन्ही लागतात. एक मिळालं म्हणून दुसरं सोडू नका.

काही भीती काढून टाका. डॉक्टर आणि थेरपिस्ट गुप्तता पाळायला कायद्यानं बांधलेले असतात. पोराच्या बोबडेपणाचा कागद ते व्हिसाच्या कचेरीत किंवा तुमच्या मालकाकडं पाठवत नाहीत. पाळी बदलून हवी असेल तर प्रॅक्सिसकडून फक्त दिवस आणि वेळ लिहिलेला कागद मागा. आजाराचं नाव मालकाला सांगायची गरज नाही. ज्यांच्याकडं फक्त मिनीजॉब आहे त्यांनी मात्र विमा तपासा, मिनीजॉबमधून आरोग्यविमा मिळत नाही. आणि एजंटनं व्हिसापुरता स्वस्त विमा दिला असेल, तर त्यात पोराचा असा उपचार बसतो का, हे सही करण्याआधी लेखी विचारा.

घरी काय करायचं

लोगोपेडी आठवड्यातून एक-दोनदा, पाऊण तासाची. बाकीचा आठवडा पोरगं आपल्याकडं असतं. घरी रोज दहा-पंधरा मिनिटं पुरे. पण रोज.

आपल्याकडं एक हत्यार आहे जे जर्मन पोरांकडं नाही. आपली वर्णमाला. शाळेत आपण घोकली, पण ती कशी रचली ते कुणी सांगितलं नाही. क ख ग घ ही घशाजवळची ओळ, जिभेची मागची बाजू वर उचलते. ट ठ ड ढ ला जीभ टाळूकडं वळते. त थ द ध ला जीभ दातांना लागते. प फ ब भ ला ओठ मिटतात. सगळा नकाशाच आहे.

मी थेरपिस्टला हा तक्ता दाखवला आणि त्या खूश झाल्या. माझ्या पोराचा 'क'चा 'त' होत होता, 'ख'चा 'थ', 'ग'चा 'द', 'घ'चा 'ध'. म्हणजे चार आवाज चुकत नव्हते, आख्खी ओळ घशातून दातांवर सरकली होती. चूक एकच, नियमानं होणारी. जर्मनमध्ये त्या ओळीतले 'क' आणि 'ग' एवढेच दिसतात, मराठीत चारही दिसले. एक 'क' जागेवर बसला की बाकीचे मागून येतात, असं त्या म्हणाल्या. तसंच झालं, सगळं एकदम नाही, पण झालं.

घरातला क्रम असा ठेवा.

आधी ऐकणं. बोलायला लावू नका. दोन चित्रं ठेवा, कार आणि तार. तुम्ही म्हणा, पोरानं बोट दाखवायचं. मग गोरी आणि दोरी. गाणे आणि दाणे. जर्मनमध्ये 'कासे' आणि 'तासे', गल्ला आणि कप. फरक कानाला कळला तरच जिभेला जमतो.

मग अदलाबदल. आता पोरानं मागायचं, तुम्ही द्यायचं. त्याला कार हवी असेल आणि तो 'तार' म्हणाला, तर हसत तार द्या. रागावू नका. आपल्या आवाजानं वस्तूच बदलते हे त्याला त्यातून कळतं. पण हे खेळ 'क' त्याला एकटा काढता येऊ लागल्यावरच, थेरपिस्टला विचारून.

मग बाराखडी. का, कि, की, कु, कू. एकटा आवाज, मग अक्षर, मग शब्द, मग वाक्य, मग गप्पा. ही पायऱ्यांची शिडी थेरपिस्टही वापरतात, आपल्याकडं ती तयार आहे. एक पायरी बसल्याशिवाय पुढची नको.

आणि टाळ्या. 'खि-ड-की' तीन टाळ्या. 'फुल-पा-ख-रू' चार. 'म'नं सुरू होणारं घरात काय काय आहे? यमक जुळवा. शब्द तोडता-जोडता येणारं मूल पुढं वाचायला सोपं शिकतं, मग ते कुठल्याही भाषेत असो.

दिवसभरात मात्र चुकीवर बोट ठेवू नका. पोरगं म्हणालं 'ताता आला', तर 'असं नाही, नीट म्हण' हे सांगायचं नाही. म्हणायचं, 'हो, काका आला! काका कुठून आला?' बरोबर शब्द दोन-तीनदा त्याच्या कानावर पडतो आणि बोलणं चालू राहतं. पाहुण्यांसमोर 'बोलून दाखव' तर कधीच नाही.

पाळीमुळं वेळ मिळत नसेल, तर आवाज भरून ठेवा. मी रात्रपाळीच्या सुट्टीत पाच मिनिटांची गोष्ट व्हॉट्सॲपवर भरतो. गावाकडून आजीही भरते. पोरगं झोपताना ऐकतं.

काय करू नका तेही सांगतो. वेखंड उगाळून जिभेला लावण्यानं ध्वनी शिकता येत नाहीत. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवणं तर धोक्याचं आहे. शिट्ट्या वाजवून, फुगे फुगवून 'क' येत नाही, बोलण्याचा सराव बोलूनच होतो. आणि कुणी 'जीभ चिकटलीय, कापून टाका' म्हणालं तर आधी थेरपिस्टला आणि डॉक्टरला विचारा. बोबडेपणामागं ते कारण क्वचितच असतं.

ज्यांची पोरं गावाकडं आहेत

इथं बसलेल्यांपैकी बरेच जण एकटे आलेत, पोरं गावाकडं. त्यांच्यासाठी. २०१३ मध्ये पालघरला सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत येतात, आणि बोलायला उशीर होणं हे त्यांच्या यादीत आहे. पुढं जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात, उपचार मोफत. घरच्यांना अंगणवाडी ताईंकडं विचारायला सांगा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासून, वाचा आणि श्रवण याचंच काम करते. आणि सुट्टीवर गेलात, पोरगं इथलं असलं, तरी मराठी जाणणाऱ्या वाचातज्ज्ञाकडून मराठीत तपासणी करून कागद घेऊन या. इथल्या डॉक्टरला तो उपयोगी पडतो.

शेवटचं

बायर्नमध्ये चौथी झाली की पोरांची वाट ठरते. जर्मन, गणित आणि परिसर या तीन विषयांची सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझिउम, २.६६ पर्यंत रेआलशूले. नऊ-दहा वर्षांचं पोर. त्यात एक विषय जर्मन. ज्याचे आवाज पाचव्या वर्षी जागेवर नाहीत, त्याला सहाव्या वर्षी वाचताना-लिहिताना जास्त झगडावं लागू शकतं. पोराची बुद्धी कमी नसते, वेळेवर चिठ्ठी मिळाली नाही एवढंच असतं. आपल्या पोरानं गोदामातच यावं का, हे त्याच्या बोबड्या 'क'वरनं ठरू नये.

आणि लाज? याच उंटरश्लाइसहाइममध्ये अंध आणि अधू दृष्टीच्या मुलांचं मोठं केंद्र आहे. इथले लोक पोरांना तिथं उघडपणे घेऊन जातात. चष्मा लावायला लाज वाटत नाही, मग बोलायला मदत घ्यायला कसली?

माझा धाकटा आता साडेसहाचा आहे. 'काका' म्हणतो. 'श' अजून कधीकधी घसरतो, लोगोपेडी चालू आहे. मागच्या महिन्यात आजीचा फोन आला तेव्हा आपणहून आला आणि म्हणाला, 'आजी, आज खिडकीत खार आली होती.' बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, आम्ही दोघंही काही बोललो नाही.

ज्यांच्या घरी असं पोर आहे त्यांनी आज रात्री वीस चित्रांचा कागद करायला घ्या. रोमन अक्षरांत लिहायला मदत हवी असेल तर चहाच्या वेळी मला गाठा, पेन घेऊन बसलोय.